जानेवारीत पाहिलेली जागा

गेल्या मे महिन्यात शाहूपुरीतल्या एका क्लासवाल्यांनी मला भाषणाला बोलावलं. दारात फ्लेक्स लावला होता, 'परदेशात सरकारी नोकरी : इंजिनिअर्ससाठी सुवर्णसंधी'. फ्लेक्सवर माझा फोटो, माझ्या डोक्यावर विमान आणि मागे कुठल्या तरी भलत्याच देशातला उंच मनोरा. त्या देशात मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. तसं सांगितल्यावर क्लासवाले म्हणाले, "राहू दे की मॅडम, पोरांना जरा उभारी येतीय."

माझं डोकं तिथंच तापायला लागलं आणि ते अजून निवलेलं नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी खुसखुशीत लेख मागितला होता. त्यांनी मला माफ करावं किंवा लेख परत पाठवावा, दोन्ही चालेल.

मी केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात सिव्हिल इंजिनिअर होते. नोकरीतली बरीच वर्षं परदेशातल्या आपल्या वकिलातींच्या इमारती बांधण्यात आणि सांभाळण्यात गेली. परीक्षा देऊन खात्यात शिरायचं, काही वर्षं देशात घासायची, मग अर्ज करायचा आणि निवड झाली की तीन वर्षांसाठी बाहेर जायचं. संधी म्हणतात ती एवढीच. लोकांना वकिलात म्हटलं की राजदूत, मेजवान्या आणि झेंडा लावलेली गाडी दिसते. पण राजदूतांच्या बाथरूममधला गिझर बंद पडला की राजदूत कुणाला हाक मारतात? परराष्ट्रमंत्र्यांना नाही. मला.

वकिलात म्हणजे तीन इमारती धरून चाला. कामकाज चालतं ती कचेरी, राजदूतांचा बंगला आणि कर्मचाऱ्यांची घरं. जमीन दुसऱ्याच्या देशात, फाटकाच्या आत नियम आपले. नकाशे दिल्लीहून येतात, वाळू-सिमेंट तिथलं आणि त्या दोघांचं लग्न लावायचं काम आमचं. गंमत अशी की बाहेरचा कुठलाही कारागीर आत आला की त्याच्याजवळून हलायचं नाही, सुरक्षेचा नियम. एका थंड देशात मी एका नळवाल्याच्या शेजारी स्टुलावर बसून अख्ख्या स्वेटरची पाठ विणून काढली. त्याचा नळ झाला आणि माझी पाठ झाली. एका राजदूतांच्या पत्नींना दिवाणखान्याची भिंत पिस्त्यासारखी हवी होती, पण हिरवी नको होती. सात नमुने लावून दाखवले. शेवटी कंटाळून जुना पांढरा रंग दिला, तर म्हणाल्या, "बघा, मी हाच म्हणत होते!"

हे सगळं मी त्या हॉलमध्ये सांगितलं. पोरं हसली. मग प्रश्न आले. गाडीवर झेंडा लावून आपल्यालाही फिरता येतं का? वकिलातीच्या आत रील काढलेलं चालतं का? मी दात आवळून उत्तरं देत होते. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी वही उघडून उभी राहिली. तिनं विचारलं, "मॅडम, इमारतीची जागा कशी निवडतात? कधी, कोण जातं बघायला?"

"जानेवारीत जातात," मी म्हणाले.

कुणालाच काही कळलं नाही. मग मी सांगायला सुरुवात केली. तिथं मी अर्धंच सांगितलं. सगळं इथं लिहिते.

मी मूळची गगनबावड्याची. आमच्याकडं पाऊस कोसळायला लागला की महिनोन् महिने कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात. पावसाआधी घराच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधतात. आणि पुढच्या पडवीला दार करत नाहीत. घाट चढून येणारा कुणीही पावसात सापडला तर त्यानं पडवीत यावं, उभं राहावं, पाऊस उणावला की जावं. तो कोण, कुठला, कुणी विचारत नाही. आत चहा होत असेल तर एक कप बाहेर जातो. अशा गावात वाढलेल्या माणसाला उन्हाचं भारी अप्रूप असतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची चूक त्या अप्रुपातून झाली.

एका वाळवंटी देशात आपल्या वकिलातीची नवी इमारत व्हायची होती. देशाचं नाव सांगत नाही. जागा पाहायला चौघांचं पथक गेलं, त्यात मी सगळ्यात कनिष्ठ. महिना अर्थातच जानेवारी. पथकं नेहमी जानेवारीतच जातात. दिल्लीत तेव्हा धुकं आणि कडाका असतो आणि तिथं हवा अशी, की स्वेटर काढून हातावर टाकावा. मुख्य आर्किटेक्टसाहेब त्या मोकळ्या जमिनीवर उभे राहिले, डोळे मिटून त्यांनी तोंड उन्हाकडं केलं आणि म्हणाले, "लोकांना पासपोर्टच्या खिडकीसमोर एक खुलं अंगण देऊ या. वर फक्त आकाश."

मी म्हणाले, "छान कल्पना आहे, सर."

खुशामत म्हणून नव्हे. मला मनापासून छान वाटली. गगनबावड्याच्या पोरीला उन्हात उभं राहायला मिळणं म्हणजे चैन. पाहणीच्या कागदावर हवामानाचा रकाना होता. त्यात मी माझ्या अक्षरात 'आल्हाददायक' असं लिहिलं आणि खाली सही केली.

इमारत झाली. देखणी झाली, यात वाद नाही. पुढं गुलाबी दगडाचं पोर्च, त्याखाली दोन गाड्या सावलीत उभ्या राहतील एवढं. त्याच्यासमोर कारंजं. आणि पश्चिमेच्या बाजूला ते खुलं अंगण. त्याच सुमाराला माझी तिथं नेमणूक झाली. फेब्रुवारीत उद्घाटन झालं, सगळ्यांनी अंगणाचं कौतुक केलं. मग मे आला.

त्या देशातला मे ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू? गाडीचं दार उघडायला हाताला रुमाल गुंडाळावा लागतो. त्या अंगणात सकाळपासून माणसांची रांग. गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, धुणीभांडी करणाऱ्या बाया. सुट्टी मागून, दोन-दोन बसा बदलून आलेली सगळी आपली माणसं. खिडकीच्या काचेआड कारकून गारव्यात आणि काचेबाहेर हे. गाडीला छप्पर आणि माणसाला आकाश, असलं घर मी माझ्या सहीनं बांधलं होतं.

एका दुपारी मी अंगणाच्या कडेनं जात होते. रांगेतून आवाज आला, "आयला, काय तापतंय वो ह्ये! तव्यावर उभारलोय जनू."

पाय जागच्या जागी थबकले. मी विचारलं, "कुठलं गाव पावणं?"

तो चपापला, मग तोंडभर हसला. "शिरोळ की! आनि तुमी, आक्का?"

दस्तगीर मुजावर त्याचं नाव. एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. बायकोच्या पासपोर्टसाठी एका कागदावर शिक्का घ्यायला आला होता. मी तिथली इंजिनिअर आहे म्हटल्यावर त्यानं एकदा वर आकाशाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आक्का, राग मानू नगा. एवढं मोठं घर बांधलासा. पडवी इसरलासा व्हय?"

पडवी हा शब्द त्यानं वापरला आणि मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मी त्याच आठवड्यात फाईल केली. अंगणावर छप्पर घालावं, नकाशा सोबत. तोवर लोकांना मेजवान्यांच्या रिकाम्या हॉलमध्ये बसू द्यावं, असंही लिहिलं. हॉलला सुरक्षेच्या कारणानं नकार आला. पाण्याचा कूलर मंजूर झाला, पण तो ठेवला अंगणातच, उन्हात. त्यातल्या पाण्याला हात लावला तर चटका बसायचा. छपराबद्दल दिल्लीहून उत्तर आलं की छपरामुळे इमारतीच्या दर्शनी सौंदर्याला बाधा येते, तरी जानेवारीत येणाऱ्या पाहणी पथकानं प्रत्यक्ष जागेवर जाऊन निर्णय घ्यावा.

जानेवारीत! तो कागद मी टेबलावर आपटला तेव्हा चहाचा कप फुटला. पुढं मी काय केलं, तर कपाचे तुकडे गोळा केले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी मांडव घालायची परवानगी दरवर्षी मिळते, एका दिवसाची. मी दस्तगीरच्या वर्कशॉपला काम दिलं आणि दस्तगीरला फाटकाचा पास. मांडव झेंड्याच्या खांबापुरता घालायचा असतो. मी म्हणाले, अंगणभर घाल, थेट खिडकीपर्यंत.

त्यानं नुसता मांडव घातला नाही. हिरव्या जाळीच्या कापडाचे दोन थर लावले आणि दोन्हींमध्ये हातभर मोकळी जागा ठेवली. मी कारण विचारलं. म्हणाला, "आमच्या उरुसाचा मांडव मीच घालतो, आक्का. गरम हवा ह्या मधल्या फटीतनं भाईर पडती. खाली मानूस गार ऱ्हातंय." पाइपांचे सांधे वेल्डिंग करून पक्के केले. एका दिवसाच्या मांडवाला कुणी वेल्डिंग करतं का? पण तो मला काही बोलला नाही आणि मीही त्याला काही बोलले नाही. झेंडावंदन झाल्यावर त्यानं आपला फोन माझ्या हातात दिला. "आक्का, एक फोटू काडा. मांडव समदा यायला पायजे आनि झेंडा मागं. घरला लावून देतो." मी काढला.

मांडव काढायला मी विसरले. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. राजदूतांनी मांडव बघितला आणि बघितलाच नाही असं केलं. माणूस भला होता. रांगेतली माणसं आता सावलीत उभी राहायची, काही खाली बसायची, बाया पोरांना मांडीवर घ्यायच्या. मी रोज मुद्दाम तिथून जायचे. खरं सांगते, माझ्या सगळ्या नोकरीत मला अभिमान वाटावा असं एकच बांधकाम आहे आणि ते जाळीच्या कापडाचं होतं.

जानेवारीत पथक आलं. तेच आर्किटेक्टसाहेब. मांडवाखाली उभे राहून म्हणाले, "हे काय? लग्न आहे का कुणाचं?" सगळे हसले. मीही हसले. मला त्या हसण्याची आजही किळस येते.

मी म्हणाले, "सर, जूनमध्ये एकदा येऊन बघा."

"जूनमध्ये इथं कोण येतं?" ते म्हणाले. चिडून नव्हे, टोमणा म्हणूनही नव्हे, अगदी सहज. माणूस दुष्ट नव्हता, म्हणून तर माझा संताप होतो. दुष्ट माणसाशी भांडता येतं. गारव्यात येऊन गारवा लिहून जाणाऱ्या सज्जनाशी कसं भांडायचं?

परवानगी एका दिवसाची होती, मांडव बेकायदा होता, बांधकाम खातं माझं. काढायच्या कागदावर सही माझीच लागणार होती. मी ती केली. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? मुदत संपायच्या आधी मला परत पाठवलं असतं, शेरा बिघडला असता. एवढंच. परत येऊन मी गगनबावड्याच्या एस. टी.त बसले असते. पण मी सही केली.

मांडव काढायला पुन्हा दस्तगीरच आला, कारण सांधे त्यानंच जोडले होते आणि तोडायला त्याचंच मशीन लागणार होतं. त्यानं एका दिवसात सगळं उतरवलं. जाळीचं कापड नीट घड्या घालून बांधलं आणि मला विचारलं, "आक्का, ह्ये हितंच ठिऊ का? लागंल की परत." मी तळघरात जनरेटरच्या शेजारी जागा दाखवली. जाताना तो म्हणाला, "सायेब लोकं जूनला येत न्हाईत व्हय?" मी तळघराला कुलूप लावलं.

पुढच्या जूनमध्ये दस्तगीर पासपोर्ट नवा करून घ्यायला आला. सुट्टी मंजूर झाली होती, गावी जायचं होतं. त्या दिवशी खिडकीवरचा संगणक बंद पडला आणि रांग हलेना. आत निरोप पाठवला असता तर मी धावत आले असते. त्यानं पाठवला नाही. रांगेतल्या माणसांनी मला नंतर सांगितलं की कुणीतरी त्याला म्हणालं, तुझी ओळख आहे ना आत? तर म्हणाला, "आक्काला कशाला तरास. समदीच उभारल्यात की."

मी त्या वेळी काय करत होते? संध्याकाळी कुणी पाहुणे येणार होते म्हणून पोर्चसमोरचं कारंजं सुरू करत होते. माझ्या हातावर गार पाणी उडत होतं.

आरडाओरडा ऐकून पोचले तेव्हा तो फरशीवर होता. चार-पाच माणसं त्याच्यावर पुठ्ठा धरून उभी होती. इस्पितळात नेलं. तो पुन्हा बोलला नाही, दुसऱ्या दिवशी गेला. तो पडला त्या फरशीच्या बरोबर खाली तळघर आहे. त्याच्या हातच्या घड्या तिथं तशाच होत्या.

त्याला घरी पाठवायचे कागद त्याच खिडकीवर करायचे होते. त्याच्या वर्कशॉपमधली माणसं ते कागद घेऊन त्याच अंगणात, त्याच उन्हात रांगेत उभी राहिली. मी तळघरातून कापड आणायला लावलं आणि दोऱ्यांनी कसंबसं बांधलं. त्या दिवशी मला कुणीही परवानगी विचारली नाही.

मग दिल्लीहून छप्पर मंजूर झालं, आठ दिवसांत. पक्कं, पोलादी, गुलाबी दगडाला शोभेल असं. दर्शनी सौंदर्याचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही. उद्घाटनाला पितळी पाटी बसवली, त्यावर ज्यांनी फीत कापली त्यांचं नाव. उद्घाटन जानेवारीत झालं.

शाहूपुरीतल्या त्या हॉलमध्ये मी जवळपास इथवर सांगितलं. फक्त एका ठिकाणी मी 'मांडव काढण्यात आला' असं म्हणाले. कुणी काढला ते सांगितलं नाही. सरकारी भाषेत ही सोय असते आणि निवृत्तीनंतरही ती जिभेवरून जात नाही. क्लासवाल्यांनी लगबगीनं माइक घेतला आणि म्हणाले, "मॅडम फारच भावुक झाल्या. आता आपण पात्रता आणि वयोमर्यादा बघूया." मी उठून बाहेर आले. वहीवाली मुलगी जिन्यात मागं आली.

"मॅडम, मग ही नोकरी करायची का नाही?"

"कर," मी म्हणाले. "चांगली नोकरी आहे. आपल्या माणसांसाठी परमुलखात घर बांधायचं काम सगळ्यांना मिळत नाही. पण जागा बघायला जूनमध्ये जा. नाही पाठवलं तर भांड. आणि हवामानाच्या रकान्यात खरं लिही." तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला तिचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरोळची एस. टी. धरली. दस्तगीरच्या घरचा पत्ता मी कागद करताना स्वतः लिहिला होता आणि इतकी वर्षं पाठ होता. जायचं धाडस झालं नव्हतं, इतकंच. घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, माझ्या खांद्याएवढी. त्याची बायको शहनाज दारात आली. मी नाव सांगितलं. तिनं माझा हात धरून आत नेलं, चहा टाकला आणि समोरच्या भिंतीकडं बोट दाखवलं.

तिथं फ्रेम केलेला तो फोटो होता. दस्तगीर मांडवाखाली छाती काढून उभा. मांडव सगळा आलेला, झेंडा मागं.

"पूर येनार म्हटलं की आदी ह्यो फोटू माळ्यावर ठेवतो," शहनाज म्हणाली. "मग धान्य." जरा वेळानं तिनं विचारलं, "आक्का, ते छप्पर हाय का वो अजून तितं?"

"हाय," मी म्हणाले.

"त्येनीच घातलं न्हवं? मला फोनवर सांगितल्यालं, असलं पक्कं घातलंय म्हनं, कैक वर्सं हालनार न्हाय."

फोटो भिंतीवरून माझ्याकडं बघत होता. त्यानं मांडव घातल्याचं तिला सांगितलं होतं, उतरवल्याचं सांगितलं नव्हतं. माझं नाव तिच्यापुढं चांगलं राहावं म्हणून? की स्वतःच्या कामाचा तो अपमान त्याला सांगवला नाही? मला माहीत नाही.

"व्हय," मी म्हणाले. "त्येनीच."

"मानसं सावलीत उभारत्यात न्हवं आता?"

"व्हय."

"मग बरं हाय की," ती म्हणाली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

तो चहा मी प्यायले आणि परत आले. तेव्हापासून झोप नीट नाही. दुसऱ्यांवर चिडून आयुष्य काढलं. आर्किटेक्टवर, दिल्लीवर, जानेवारीवर. ते सगळे त्या रागाला लायकच होते आणि आजही आहेत. पण मांडव काढायच्या कागदावर त्यांच्यापैकी कुणाचीही सही नाही.

हा अंक छापून आला की एक प्रत घेऊन मी शिरोळला जाणार आहे. पोस्टानं पाठवणार नाही. शहनाजच्या समोर बसून सगळा लेख वाचून दाखवणार आहे, माझ्या सहीसकट. मग ती जे बोलेल ते ऐकून घेईन. ती जर म्हणाली, घराबाहेर उभी राहा, तर उभी राहीन. ऑक्टोबरात शिरोळला ऊन चांगलंच असतं.